झिजलेली नावे आणि तिरपा प्रकाश

सातारा किंवा रत्नागिरी जिल्ह्यात तुमचे आजोळ असेल, तर गावच्या चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली एक लहानशी संगमरवरी पाटी कदाचित तुमच्या नजरेस पडली असेल. या गावातून अमुक इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले व त्यांपैकी अमुक इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर तिच्यावर इंग्रजीत असतो. लढाई १९१८ च्या नोव्हेंबरात थांबली. पण व्हर्सायचा तह २८ जून १९१९ रोजी झाला, म्हणून पाटीवर १९१९ हे साल येते. अशा पाट्या त्या वेळच्या सरकारने गावोगावी बसवल्या. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले.

पाटीवर आकडा असतो. मग नावे कोठे असतात?

त्या युद्धात सुमारे ७४ हजार भारतीय सैनिक मरण पावले. महाराष्ट्रातले पुष्कळ जण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढले. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कुत येथील वेढ्यात अडकल्या होत्या. ज्यांच्या कबरी किंवा दहनस्थाने सापडली नाहीत, अशा ४० हजारांहून अधिक मृतांसाठी बसरा येथे स्मारक उभारण्यात आले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. साध्या भारतीय शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा लिहिला गेला. ही वागणूक समान नव्हती, हे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ च्या आपल्या अहवालात मान्य केले आहे.

तेव्हा एखाद्या गावाने आपल्या माणसांची नावे आपणहून दगडात कोरून ठेवली असतील, तर त्या दगडाची किंमत किती मोठी, हे तुमच्या लक्षात येईल. आणि तीच अक्षरे झिजून गेली असतील तर? अशा वेळी भौतिकशास्त्राच्या पुस्तकातले एक साधे प्रकरण कसे उपयोगी पडते, ते आज पाहू या.

सकाळी नऊ वाजता

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुटीत सातारा जिल्ह्यातल्या एका गावी चार विद्यार्थ्यांसह जाण्याचा योग आला. गावाच्या वेशीजवळ एक लहान चौथरा आहे. त्यावर पुरुषभर उंचीची एक भिंत असून तिचे तोंड पूर्वेला आहे. भिंतीत वर संगमरवरी पाटी आणि तिच्याखाली गावानेच पुढे बसवलेला काळ्या दगडाचा एक तुकडा. त्यावर देवनागरीत पाच नावे होती. 'होती' म्हणण्याचे कारण असे की, आम्ही गेलो तेव्हा सकाळच्या लख्ख उन्हात त्या दगडावर चुन्याचे डाग, दगडफुलाचे ठिपके आणि जुन्या तैलरंगाचे पोपडे यांखेरीज काहीच दिसत नव्हते.

चौथऱ्यावर ऐंशीच्या घरातले एक आजोबा बसले होते. ते म्हणाले, "आमच्या वडलांचे चुलते काळू बसऱ्याला गेले, ते परत आले नाहीत. पण रंगाऱ्याने मागे अक्षरे रंगवली तेव्हा तिथे 'बाळू' असे लिहिले. सर, तुम्ही शिकलेली माणसे. नीट वाचून सांगा."

दगडाकडे पाहून आमच्यातला एक विद्यार्थी म्हणाला, "एवढ्या उजेडात दिसत नाही, तर मग कधी दिसणार?"

त्याचा प्रश्न बरोबर होता. पण त्यातच चूकही होती. अडचण उजेड कमी असण्याची नव्हती. उजेड समोरून पडत होता, ही खरी अडचण होती.

उजेड कोणत्या कोनातून येतो?

नव्याने कोरलेल्या अक्षराची खाच खोल असते आणि तिच्या कडा उभ्या असतात. कडेची सावली खाचेत पडते, म्हणून अक्षर काळे दिसते. सावलीची लांबी काढणे तुम्हाला अवघड नाही. खाचेच्या खोलीला प्रकाश पृष्ठभागाशी करीत असलेल्या कोनाच्या 'टॅन'ने भागायचे. समजा, खाच अर्धा मिलिमीटर खोल आहे. प्रकाश ६० अंशांनी आला तर सावली ०.२९ मिलिमीटर पडते, म्हणजे जवळजवळ नाहीच. तोच प्रकाश १० अंशांनी आला तर सावली २.८ मिलिमीटर होते. खाच तीन मिलिमीटर रुंद असेल, तर ती जवळजवळ पूर्ण सावलीने भरून जाते.

पण झिजलेल्या दगडात उभी कड उरतच नाही. खाचेची जागा उथळ बशीसारखी होते. तिचे काठ आजूबाजूच्या दगडाशी जेमतेम पाच अंशांचा उतार करतात. अशा उतारावर खरी सावली पडत नाही. मग काय करायचे?

येथे लँबर्टचा नियम मदतीला येतो. योहान हाइनरिख लँबर्ट या शास्त्रज्ञाने १७६० साली तो मांडला. खरखरीत पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाची तीव्रता ही प्रकाशकिरण पृष्ठभागाशी जो कोन करतो, त्याच्या 'साइन'च्या प्रमाणात असते. आता हिशेब करू. प्रकाश सपाट दगडाशी ६० अंशांचा कोन करतो आहे, असे धरा. मग प्रकाशाकडे झुकलेल्या उतारावर तो ६५ अंशांनी पडेल आणि पलीकडच्या उतारावर ५५ अंशांनी. सपाट भागाची उजळता १०० मानली, तर हे दोन उतार अनुक्रमे १०५ आणि ९५ उजळतील. पाच टक्क्यांचा हा फरक डागाळलेल्या दगडावर डोळ्यांना कळत नाही.

आता प्रकाश १० अंशांनी सोडा. उतारांवरचे कोन होतात १५ आणि ५ अंश. सपाट भाग १०० धरला, तर एक उतार १४९ होतो आणि दुसरा ५०! दगड तोच, झीज तीच, पण एक काठ दीडपट उजळ आणि दुसरा निम्म्याने काळा. एकूण उजेड कमी झाला खरा, पण फरक वाढला. आणि डोळा वाचतो तो हा फरकच.

सूर्य वाचायला मदत करतो

पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंतीवर सकाळी नऊ वाजता ऊन सुमारे पन्नास अंशांनी पडत होते. पण सूर्य जसजसा माथ्यावर येतो, तसतसा हा कोन लहान होत जातो. मे महिन्यात मध्यान्हाच्या आधीच्या तासाभरात साधारण दर चार मिनिटांना एक अंश. सातारा भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरेच पश्चिमेला असल्याने तेथे मध्यान्ह घड्याळातल्या साडेबाराच्या सुमारास होते. म्हणजे पावणेबारा ते साडेबारा हा आमच्या कामाचा वेळ, हे कागदावरच ठरले.

आम्ही मऊ, कोरड्या ब्रशाने धूळ झाडली आणि वाट पाहत बसलो. बाराच्या सुमारास दगडावर प्रथम आडव्या रेघा उमटल्या. मग एकेका अक्षराचे माथे दिसू लागले. आजोबा उठून जवळ आले. चुना, रंग, दगडफूल सारे तसेच होते, पण त्यांच्यातून पाच ओळी वर आल्या होत्या.

मात्र एक गंमत झाली. शिरोरेषा स्वच्छ दिसत होत्या, पण अक्षरांचे उभे दांडे आणि काने जवळजवळ गायब होते. असे का झाले असेल? वाचन थांबवून क्षणभर विचार करा.

मेच्या मध्यान्ही साताऱ्याला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे भिंतीवर प्रकाश सरळ वरून खाली सरपटत येत होता. आडव्या खाचेचा वरचा काठ प्रकाशाला पाठमोरा आणि खालचा काठ सामोरा, म्हणून ती खाच उठून दिसते. उभ्या खाचेचे दोन्ही काठ मात्र डावीउजवीकडे झुकलेले. त्या दोघांवरही प्रकाश सारखाच पडतो, म्हणून ती खाच दिसत नाही. यावरून नियम असा निघतो: रेघ वाचायची असेल, तर प्रकाश रेघेला आडवा, काटकोनात आला पाहिजे.

देवनागरी वाचणाऱ्याला हा नियम फार महत्त्वाचा आहे. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' या जोड्यांत शिरोरेषा तुटलेली आहे की सलग आहे, हा मोठा फरक. तो वरून येणाऱ्या प्रकाशात कळतो. (पाथरवटाने सगळ्या ओळीला एकच शिरोरेषा ओढली आहे का, हे मात्र आधी पाहून घ्यावे.) काना आणि उभा दांडा बाजूने येणाऱ्या प्रकाशात कळतो. 'व' आणि 'ब' यांतला फरक असतो पोटातल्या तिरक्या रेघेचा. तिच्यासाठी प्रकाशही तिरक्या दिशेने आणावा लागतो.

दुपारी भिंत स्वतःच्याच सावलीत गेली, तेव्हा एका विद्यार्थ्याने घरातला आरसा आणून बाजूला उन्हात धरला आणि परावर्तित ऊन डावीकडून दगडावर सरपटत सोडले. आता काने आणि दांडे दिसू लागले. दुसऱ्या नावातले पहिले अक्षर 'ध' ठरून 'धोंडी' हे नाव वाचता आले. चौथे नाव 'बाबू' होते. अंधार पडल्यावर आम्ही विजेरी घेतली. दगड म्हणजे घड्याळाची तबकडी असे समजून बाराच्या जागेपासून एकेका आकड्याच्या जागी विजेरी धरायची, दगडापासून अर्धा मीटर बाजूला आणि पृष्ठभागापासून नऊ सेंटिमीटर पुढे. हा कोन होतो सुमारे १० अंश. प्रत्येक जागेवरून एक छायाचित्र घेतले. कॅमेरा तिवईवर स्थिर. फक्त विजेरी हलायची.

बाळू की काळू?

आता आजोबांच्या प्रश्नाकडे येऊ. पहिल्या नावातले 'ळू' स्पष्ट होते. आधीच्या अक्षराला गोल पोट, दांडा आणि काना होता. ते 'ब' होते की 'क'? पोटात तिरकी रेघ असेल तर 'ब'. दांड्याच्या उजवीकडे वळणारे शेपूट असेल तर 'क'.

येथे एक धोका होता. आजोबांची इच्छा आम्हाला ठाऊक झाली होती. 'काळू' असावे असे आम्हालाही वाटू लागले होते. असे वाटू लागले की डोळा दगडाच्या साध्या ओरखड्यालाही शेपूट समजतो. रंगाऱ्याचेही तेच झाले असणार. त्याने लबाडी केली नव्हती. त्याला जे वाचता आले, ते त्याने रंगवले. पण रंगवल्यामुळे त्याचा अंदाज हाच पुढच्यांसाठी पुरावा होऊन बसला.

म्हणून आम्ही चौघा विद्यार्थ्यांना वेगवेगळे बसवले. प्रत्येकाने ती बारा छायाचित्रे पाहून, दुसऱ्याशी न बोलता, दिसले तेवढेच कागदावर काढायचे. अक्षर ओळखायचे नाही, नुसत्या रेघा काढायच्या. बाराच्या आणि एकच्या जागेवरून घेतलेल्या छायाचित्रांत दांड्याच्या उजवीकडे एक वळण तिघांनी काढले. चौथ्याने काढले नाही. पोटातली तिरकी रेघ कोणीच काढली नाही.

तेवढ्याने 'क' ठरला का? नाही. तिरकी रेघ पूर्वी असेल आणि झिजून गेली असेल, असेही म्हणता येते. मग करायचे काय? प्रयोगशाळेत आपण करतो तेच: तुलनेसाठी एक खात्रीचा नमुना घ्यायचा. तो त्याच दगडावर होता! चौथ्या ओळीतल्या 'बाबू'मध्ये दोन 'ब' होते. त्याच पाथरवटाचा हात, तोच दगड, जवळजवळ तेवढीच झीज. त्या दोन्ही 'ब'मधली तिरकी रेघ प्रकाश तिला आडवा येताच चौघांनाही दिसली. म्हणजे पहिल्या ओळीत ती असती, तर बहुधा दिसली असती. वळण तिघांना दिसले, रेघ कोणालाही दिसली नाही, आणि रेघ दिसण्याजोगी होती हे तपासून झाले. तेव्हा आम्ही 'काळू' असे वाचन नोंदवले आणि 'का'खाली संशयाचा एक ठिपका दिला.

आजोबांना मी हेही सांगितले, की दगडावर काळू हे नाव आहे, एवढेच आम्हाला कळले. तो काळू म्हणजे त्यांच्याच घरातला, हे दगड सांगत नाही. त्यासाठी पुढची अक्षरे, घरचे कागद, पलटणीच्या नोंदी असे वेगळे साक्षीदार हवेत. युद्धसमाधी आयोगाची नोंदवही आता संगणकावर पाहता येते. तिच्यात पुष्कळ भारतीय शिपायांच्या नावांपुढे वडिलांचे नाव आणि गावही दिलेले असते. मात्र इंग्रजी वर्णलेखनामुळे गावांची नावे ओळखू न येण्याइतकी बदललेली सापडतात.

आजोबा म्हणाले, "ठिपका राहू द्या. बाळू तर नाही ना?"

जेथे प्रकाश हरतो

तिसऱ्या नावाच्या वेळी आमची सगळी युक्ती संपली. तेथे दगडाचा पापुद्राच निघून गेला होता. शेवटी 'राम' एवढे उरले होते. रुंदी मोजली, तर गेलेल्या जागेत दोनच अक्षरे मावत होती. तुकाराम, सखाराम, शिवराम, जयराम: चारही नावे बसतात. 'राम'च्या आधी एका उभ्या दांड्याचा तुकडा दिसत होता. पण 'तुका' आणि 'सखा' यांच्या शेवटी काना आहे, 'व' आणि 'य' यांनाही दांडा आहेच! चारांपैकी एकही नाव गाळता येईना. झीज म्हणजे पृष्ठभागाचा आकार बदलणे. त्या आकारात माहितीचा काही अंश उरतो. पापुद्रा निघणे म्हणजे पृष्ठभागच नाहीसा होणे. तेथे कोणत्याही कोनातून प्रकाश टाकला तरी काही मिळत नाही. आम्ही तेथे दोन आडव्या रेघा ओढून 'राम' लिहिले.

विजेरी फिरवून छायाचित्रे घेण्याच्या याच कल्पनेला २००१ साली टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाची जोड दिली. अनेक दिशांच्या छायाचित्रांतून संगणक प्रत्येक बिंदूची उजळता प्रकाशाच्या दिशेप्रमाणे कशी बदलते, ते शोधून काढतो. मग पडद्यावर हव्या त्या दिशेने प्रकाश टाकून वस्तू पाहता येते. ग्रीसजवळच्या समुद्रात सापडलेल्या अँटिकिथेरा यंत्रावरची बारीक अक्षरे वाचण्यासाठी ही पद्धत वापरली गेली. यंत्र महागडे असो की साधी विजेरी असो, मूळ तत्त्व लँबर्टचेच.

घरी करून पाहा

साबणाच्या एका वडीवर खिळ्याने 'ब', 'क', 'व' आणि 'ध', 'घ' ही अक्षरे उथळ कोरा. ओल्या हाताने वडी चोळून अक्षरे जेमतेम दिसतील इतकी झिजवा आणि वाळू द्या. अंधाऱ्या खोलीत वडी टेबलावर ठेवून विजेरी ५० सेंटिमीटर दूर आणि ९ सेंटिमीटर उंच धरा. आता घड्याळाच्या बारा जागांवरून प्रकाश टाका आणि कोणती रेघ कोणत्या जागेवरून दिसते, कोणत्या जागेवरून नाहीशी होते, याचा तक्ता करा. अक्षरे मित्राने कोरावी आणि वाचावी तुम्ही, म्हणजे मनातले उत्तर आड येणार नाही.

हे जमले की गावातला जुना दगड पाहायला जा. मात्र काही पथ्ये पाळा. तारेचा ब्रश लावू नका. चुना काढण्यासाठी आम्ल किंवा लिंबू लावू नका. भिंतीला दिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कॅल्शियम कार्बोनेट बनतो, आणि संगमरवर म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेटच. जे आम्ल चुना खाईल, ते पाटीही खाईल. पावसाचे पाणीसुद्धा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे किंचित आम्लधर्मी असते आणि संगमरवर हळूहळू विरघळवते. दगडफूल खरवडू नका. त्याचे तंतू दगडाच्या कणांत शिरलेले असतात, त्यामुळे खरवडताना अक्षराचा काठही निघून येतो. आणि कितीही मोह झाला तरी अक्षरांत रंग भरू नका. खात्रीचे अक्षर साधे लिहा, संशयाच्या अक्षराखाली ठिपका द्या, गेलेल्या अक्षरासाठी रेघ ओढा. छायाचित्रांसह एक प्रत शाळेत आणि एक ग्रामपंचायतीत ठेवा.

आमच्या कागदावर पाच नावे आहेत: तीन खात्रीची, एका नावाखाली ठिपका आणि एकात दोन रेघा. त्या रेघांच्या जागी 'तुका' लिहिले असते, तर कागद पुरा दिसला असता. पण तो शिपाई सखाराम असला, तर बसऱ्याच्या दगडावर त्याचे नाव कोरले गेले नाही आणि गावच्या कागदावर दुसऱ्याचे लिहिले गेले, असे झाले असते. रेघा ठेवल्या आहेत, म्हणून त्याचे नाव शोधायचे काम अजून शिल्लक आहे, हे पुढच्या वाचणाऱ्याला कळेल.